पाचशेच्या आतली गावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२०२७ च्या जनगणनेच्या बातम्या वृत्तपत्रांत येत आहेत. त्यांत चर्चा असते ती मतदारसंघांच्या पुनर्रचनेची आणि जातनिहाय नोंदीची, आणि ती व्हायलाच हवी. मात्र विदर्भातील लहान खेड्यांना, विशेषतः मुख्य गावापासून दूर वसलेल्या कोलामांच्या पोडांना, गोंडांच्या टोल्यांना, बंजाऱ्यांच्या तांड्यांना आणि मेळघाटातील कोरकूंच्या ढाण्यांना या मोजणीचा अर्थ फार जवळचा आहे. वस्तीत किती माणसे भरली यावर तिथपर्यंत बारमाही रस्ता येईल की नाही हे ठरते, आणि रस्ता आल्यावर त्यावर एसटी धावेल की नाही हेही शेवटी माणसांच्याच संख्येवर ठरते. ही पद्धत चुकीच्या पायावर उभी आहे असे माझे मत आहे. वाहतुकीची सोय ठरवताना वस्ती किती मोठी आहे यापेक्षा ती किती दूर आहे आणि पावसाळ्यात किती दिवस तुटते हे आधी पाहिले पाहिजे. हे मत सकारण मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लोकसंख्येवरून रस्ता देणे ही काही पूर्वापार चालत आलेली अटळ रीत नाही. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद आपल्या नागपुरातच भरली होती आणि तिने वीस वर्षांसाठी केलेला आराखडा पुढे ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला गेला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही आजही सरकारी कागदांत वापरली जाणारी वर्गवारी त्याच योजनेतून आली. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरहून, दूर राहू नये असे तिचे एक उद्दिष्ट होते. ‘विकसित शेतीचा प्रदेश’ या अटीमुळे जंगलातील गावे त्यातूनही सुटत होती, हे खरे. तरीही माणसाला रस्त्यापर्यंत किती चालावे लागते, हा प्रश्न त्या योजनेच्या मुळाशी होता. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून सुरू झालेल्या किमान गरजा कार्यक्रमात हे मोजमाप बदलले आणि दीड हजार लोकवस्तीची गावे आधी जोडण्याचे ठरले. १९८१ ते २००१ या काळासाठीच्या ‘लखनौ योजने’त ही मर्यादा पाचशेपर्यंत खाली आली. मर्यादा उतरत गेली ही चांगली गोष्ट झाली. परंतु पारतंत्र्यात आखलेली योजना अंतर मोजत होती आणि स्वतंत्र देशाच्या योजना डोकी मोजू लागल्या, हे मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने हाच धागा पुढे नेला. सपाट प्रदेशात पाचशे आणि डोंगरी व आदिवासी क्षेत्रात अडीचशे लोकसंख्या असलेली वस्ती पात्र ठरली. या योजनेमुळे विदर्भातील असंख्य गावांना प्रथमच डांबरी रस्ता दिसला आणि तिचे हे श्रेय कोणी नाकारू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या तिच्या चौथ्या टप्प्यात देशभरातील २५,००० न जोडलेल्या वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधायचे आहेत आणि त्यासाठी ७०,१२५ कोटी रुपयांची तरतूद आहे. निकष मात्र तेच आहेत: सर्वसाधारण भागात पाचशे, अनुसूचित क्षेत्रात व आकांक्षित (विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या) जिल्ह्यांत अडीचशे, नक्षलग्रस्त जिल्ह्यांत शंभर. आणि ही लोकसंख्या धरायची आहे २०११ च्या जनगणनेप्रमाणे. योजना चालणार २०२८-२९ पर्यंत. म्हणजे ज्या वर्षी शेवटचा रस्ता होईल त्या वर्षी त्याचा आधार असलेली शिरगणती अठरा वर्षांची झालेली असेल.

या आकड्यांतून कशी विसंगती उभी राहते ते विदर्भातल्या माणसाला चटकन समजेल. वाशीम हा आकांक्षित जिल्हा असल्याने तेथील तीनशे माणसांचा तांडा पात्र आहे. जिल्ह्याची सीमा ओलांडून लगतच्या सर्वसाधारण भागात तेवढ्याच वस्तीचा, त्याच समाजाचा, तशाच काळ्या मातीत रुतणारा तांडा असेल तर तो पात्र नाही. कोलाम ही विशेष दुर्बल आदिवासी जमात असल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात शंभर वस्तीच्या पोडापर्यंत रस्ता जाऊ शकतो, आणि ही तरतूद खरोखर स्वागतार्ह आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागांत फिरलेल्या कोणालाही ठाऊक असेल की पुष्कळ पोड वीस-पंचवीस घरांचेच आहेत. तिथे ही शंभराची रेघही पुरत नाही. राज्य शासनाची बिरसा मुंडा जोडरस्ते योजना अशा पाड्यांसाठीच आहे. तिने केंद्राच्या निकषांतून गळालेल्या वस्त्या प्राधान्याने उचलाव्यात, एवढीच तिच्याविषयी अपेक्षा आहे.

आता ही संख्या नेमकी केव्हा आणि कशी भरते ते पाहू. मी प्राथमिक शिक्षक असताना प्रगणक म्हणून काम केले आहे आणि त्या कामाची शिस्त मला माहीत आहे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ मार्चचा प्रारंभ हा तिचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, होता. जे कुटुंब या संपूर्ण काळात गावाबाहेर होते त्याची नोंद गावात करायची नव्हती. ते जिथे असेल तिथे त्याची मोजणी व्हायची होती. देशाची एकूण संख्या बरोबर यावी यासाठी हा नियम योग्यच आहे. पण फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे कोणता काळ? कापसाची वेचणी उरकलेली असते, कोरडवाहू शेतात हाताला काम नसते. पुसद, उमरखेड, दिग्रसकडच्या तांड्यांतील माणसे दिवाळीपूर्वीच उसाच्या फडावर गेलेली असतात. कुणी वीटभट्टीवर असते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियातील मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. मेळघाटातले कोरकू होळीला हमखास घरी परततात, परंतु होळी येते मार्चमध्ये, मोजणी आटोपल्यानंतर. अर्थात वर्षातील ज्या महिन्यात वस्ती सर्वांत रिकामी असते, नेमक्या त्याच महिन्याचा आकडा तिच्या नावावर पुढची दहा, आणि या वेळी तर पंधरा वर्षे राहिला. रस्ता मात्र लागतो तो पावसाळ्यात, पेरणी ते वेचणीच्या काळात, जेव्हा ही सगळी माणसे गावात असतात. येत्या जनगणनेचा संदर्भदिवसही १ मार्च २०२७ हाच आहे. तो बदला असे मी म्हणत नाही. देशाची मोजणी आपल्या पोडासाठी थांबणार नाही. त्या आकड्यावरून रस्त्याची पात्रता ठरवू नका, इतकेच म्हणणे आहे.

दुसरी अडचण गाव या एककाची आहे. जनगणनेची छापील आकडेवारी महसुली गावाची असते, वस्तीची नसते. एका मौजात, म्हणजे महसुली गावात, मुख्य गाव, दोन पोड आणि एक तांडा असेल तर चौघांचा आकडा एकत्र मिळतो. मुख्य गाव डांबरी रस्त्यावर असले की सर्व मौजा जोडलेला दिसतो. जिल्हा जनगणना पुस्तिकेतील ग्राम निर्देशिकेत प्रत्येक गावापुढे बससेवा आहे की नाही याची नोंद असते आणि नसल्यास ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा किलोमीटरवर की दहाच्या पलीकडे आहे हेही दिलेले असते. ही फार मोलाची माहिती आहे, पण तीही मौजाची आहे. नाल्यापलीकडच्या पोडाला बस किती दूर पडते हे त्या रकान्यात येत नाही. ग्रामसडक योजना वस्ती हे एकक मानते हे तिचे वेगळेपण आहे. मात्र वस्त्यांच्या याद्या ज्या काळात झाल्या त्या वेळी ज्याचे नाव यादीत चढले नाही त्याला पुढे कुठल्याच टप्प्यात जागा मिळत नाही. प्रगणकाला आपल्या गटाचा नजरी नकाशा काढावा लागतो आणि त्यात प्रत्येक वस्ती, प्रत्येक घर दाखवावे लागते. म्हणजे माहिती गोळा होते, फक्त ती वस्तीच्या नावाने बाहेर येत नाही.

रस्ता झाला तरी प्रवासाची सोय झाली असे होत नाही, याचा अनुभव तर आता सार्वत्रिक आहे. एसटीच्या व्यवहारात भारमान, म्हणजे गाडी किती भरते याचे प्रमाण, हा शब्द फार मोठा आहे. फेरीला उतारू किती, प्रति किलोमीटर उत्पन्न किती, यावर नियत, म्हणजे वेळापत्रकात ठरलेली फेरी, टिकते किंवा जाते. लहान गावाची फेरी या हिशेबात कधीच बसत नाही, कारण सकाळी जाणारे आणि संध्याकाळी परतणारे सोडले तर मधल्या वेळेत गाडी रिकामीच धावते. मग दुपारची फेरी बंद होते. दुपारी परतता येत नाही म्हणून दवाखान्याला किंवा तहसीलला जाणारा माणूस सकाळीही दुसऱ्या वाहनाने जातो, आणि सकाळच्या फेरीचेही भारमान घसरते. शेवटी मुक्कामी गाडी बंद होते आणि गाव फाट्यावर येऊन उभे राहते. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात या दोन्ही बाजू आहेत. कलम १८ म्हणते की कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसूत्र वाहतूक पुरवणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. कलम २२ म्हणते की कारभार व्यापारी तत्त्वावर चालावा. खेड्याच्या फेरीचा प्रश्न निघाला की कलम २२ सर्वांना आठवते. ‘पुरेशी’ हा कलम १८ मधला शब्द कोणी उच्चारत नाही. आगार व्यवस्थापकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे हिशेब मागितला जातो तो उत्पन्नाचा. तोट्यातील ग्रामीण फेरी जर सार्वजनिक गरज असेल तर तिचा खर्च शासनाने उघडपणे उचलावा आणि ती फेरी भारमानाच्या कसोटीतून वगळावी.

शासन खर्च करत नाही असेही नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, शाळकरी मुलींना मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या धावतात. या सवलतींमुळे बायाबापड्यांचा प्रवास किती वाढला हे कोणत्याही तालुक्याच्या बसस्थानकावर दिसते. पण ही सवलत मिळते ती जिथे एसटी जाते तिथल्या बाईला. जिथे एसटी नाही तिथली बाई काळी-पिवळीत किंवा ॲपेत पूर्ण भाडे मोजते, पेरणीच्या दिवसांत जास्त मोजते, आणि त्या दोघींत गरीब कोण हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. प्रवासाचे अनुदान ज्याला प्रवासाची सोय आधीच आहे त्यालाच पोहोचते, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल असे मला वाटत नाही.

काळी-पिवळीचा उल्लेख झाला म्हणून थोडे तिच्याविषयी. तिला आपण अवैध प्रवासी वाहतूक म्हणतो, अधूनमधून कारवाईची मोहीम निघते, आठवडाभर गाड्या थांबतात आणि बाजारच्या दिवशी पुन्हा सुरू होतात. टपावर, मागच्या पायरीवर माणसे लटकलेली असतात हे धोक्याचे आहेच. पण अनेक गावांची तीच एकमेव वाहतूक आहे, हेही तितकेच खरे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६७ मध्ये तिसरे उपकलम आले असून त्यानुसार राज्य शासन ग्रामीण वाहतूक आणि शेवटच्या टप्प्याची जोडणी यांसाठी योजना करून परवाने देऊ शकते. याचा वापर करून एसटी न जाणाऱ्या मार्गांवर लहान वाहनांना ठरावीक वेळा, ठरावीक भाडे, विमा आणि आसनसंख्येच्या अटींसह परवाने द्यावेत, आणि महिला व ज्येष्ठांची सवलत त्या वाहनांतही लागू करावी. एसटीच्या कामगार संघटनांना हे आवडणार नाही, त्यांची भीती निराधारही नाही. म्हणून हे परवाने ज्या मार्गावर एसटीने लेखी असमर्थता कळवली आहे अशाच मार्गांपुरते असावेत.

आरोग्याच्या बाबतीत डोकी मोजण्याचा परिणाम सर्वांत कठोर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकसंख्या असा आहे. आदिवासी भागाला ही सूट दिल्यासारखी वाटते. परंतु २०११ मध्ये राज्याची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ होती आणि गडचिरोलीची ७४. राज्याच्या सरासरीने ३०,००० माणसे सुमारे ८२ चौरस किलोमीटरांत राहतात; गडचिरोलीत २०,००० माणसांसाठी सुमारे २७० चौरस किलोमीटर लागतात. सूट मिळूनही केंद्राचा पसारा तिपटीहून अधिक होतो. बाळंतिणीला आधीच आणून ठेवण्यासाठी आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ ही सोय करावी लागली, ती याच अंतरामुळे. सोय चांगली आहे. पण घरातले काम, लहान मूल, म्हातारी सासू हे सगळे सोडून आठ-दहा दिवस आधी निघून येणे किती जणींना जमते? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्ता असेल तिथपर्यंतच येते. पुढे खाट, झोळी किंवा बंडी.

यावर नेहमी येणारे उत्तर मला माहीत आहे: पैसा मर्यादित आहे, साठ माणसांसाठी तीन किलोमीटर रस्ता आणि दोन पूल कसे परवडतील? प्रश्न रास्त आहे. पण साठ माणसांच्या वस्तीने डांबरी रस्ता मागितला आहे, असे धरून तो विचारला जातो. ग्रामसडक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच असे स्पष्ट आहे की बारमाही रस्ता म्हणजे डांबरीच असे नव्हे. पाण्याचा निचरा होणारा, मोऱ्या व रपटे (नाल्यावरचे ठेंगणे पूल) असलेला, सर्व ऋतूंत चालू राहणारा रस्ता म्हणजे बारमाही रस्ता. आमच्याकडची काळी माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर निचऱ्याची सोय न करता अंथरलेले डांबर दोन पावसाळ्यांत उखडते, आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर त्याहूनही लवकर. याउलट दोन्ही बाजूंना नाल्या काढलेला, चांगला मुरूम दाबून खडीकरण केलेला रस्ता लहान वस्तीला पुरतो, आणि त्याची डागडुजी ग्रामपंचायत करू शकते. बहुतेक वस्त्या रस्त्याच्या लांबीमुळे तुटत नाहीत, मधल्या एका नाल्यामुळे तुटतात. तो रपटा योग्य उंचीचा झाला तर उरलेला रस्ता कच्चा असला तरी ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिका निघते. त्यामुळे निधी देताना लोकसंख्येच्या क्रमाने रस्ते घेण्याऐवजी, वर्षातून किती दिवस कोणती वस्ती तुटते त्या क्रमाने नाले घ्यावेत. ही नोंद तलाठ्याकडे, कोतवालाकडे आणि अंगणवाडी सेविकेकडे सहज मिळेल.

वनजमिनीचे कारणही पुढे केले जाते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्त्यासह तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडावी लागत नसतील तर. पाच मीटर रुंदी धरली तर एक हेक्टरात दोन किलोमीटर रस्ता होतो. बहुतेक टोल्यांना तेवढा पुरतो. ग्रामसभांना ही तरतूद समजावून सांगण्याचे काम मात्र कोणीतरी करायला हवे.

महसुली अभिलेखात आपल्याकडे ‘रिठी’ असा शेरा असलेली गावे आहेत: मौजाचे नाव आहे, शिवार आहे, सातबारा आहे, माणूस नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यातील साडेत्रेचाळीस हजारांहून अधिक गावांपैकी सुमारे २,७०० गावे निर्जन होती. त्यांतली बहुतेक जुन्या साथींनी, दुष्काळांनी, पाण्याअभावी किंवा धरणांमुळे उठली. रस्त्याअभावी उठली असा दावा मी करत नाही. पण आज एखाद्या लहान गावातून तरुण जोडपे मुलाच्या शाळेसाठी तालुक्याच्या ठिकाणी खोली करून राहते, शाळेचा पट वीसच्या खाली जातो, पाससाठीचे विद्यार्थी घटल्याने फेरी जाते, आणि फेरी गेली म्हणून पुढचे जोडपे निघते. अशा गावाला लोकसंख्येची अट लावणे म्हणजे सोय नसल्याने गेलेल्या माणसांची संख्या सोय नाकारण्यासाठी वापरणे आहे.

म्हणून लोकप्रतिनिधींना आणि जिल्हा प्रशासनाला विनंती अशी आहे की फेब्रुवारी २०२७ ची वाट न पाहता येत्या ग्रामसभांत वस्तीनिहाय यादी करून घ्यावी. वस्तीचे नाव, पावसाळ्यात तिथे राहणारी माणसे, सर्वांत जवळच्या बारमाही रस्त्याचे व बसथांब्याचे अंतर, मधले नाले आणि गेल्या पावसाळ्यात वस्ती तुटलेले दिवस एवढेच तिच्यात असावे. ही यादी ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे जावी, आणि जिल्हा नियोजन समितीने रस्ते व रपट्यांचा पुढील आराखडा तिच्यावरून करावा. तोपर्यंत ज्या गावांत दिवसाला एकच फेरी उरली आहे तेथील फेरी केवळ भारमानाच्या कारणावरून बंद करू नये, असा आदेश शासनाने काढावा. महामंडळ कायद्याच्या कलम ३४ नुसार असे निर्देश देण्याचा अधिकार शासनाला आहेच.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. मारेगाव, जि. यवतमाळ